घर हरवलेलं नाटक : रणदुंदुभि

नाट्यसंगीताच्या मैफलीत ‘परवशता पाश दैवे’ हे पद सुरू झालं की श्रोत्यांत ओळखीची हालचाल होते. गाणं कुणाचं असं विचारलं तर मास्टर दीनानाथांचं नाव लगेच येतं. नाटक कोणतं या प्रश्नावर ‘रणदुंदुभि’ हे उत्तर काही जण देतात. त्या नाटकाचा लेखक कोण, कुठला, आणि हे पद नाटकात का येतं, इथपर्यंत पोचणारे मात्र फार थोडे निघतात. लेखक वऱ्हाडातला, अमरावतीचा होता. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे हिवरखेड आहे, आणि अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे. या दोन हिवरखेडांच्या मधला कापसाचा, संत्र्यांचा, खाऱ्या विहिरींचा जो मुलूख आहे, त्याच मुलखाने मराठी संगीत रंगभूमीला हे नाटक दिलं. आज त्याची पदं घरोघरी आहेत आणि नाटक कुठेच नाही. ते दुबळं होतं म्हणून मागे पडलं, अशी समजूत आपण न तपासता धरून बसलो आहोत. पुरावा वेगळं सांगतो. ते मागे पडलं कारण त्याला सांभाळणारं घर उरलं नाही. कारण हे असेल तर उपायही करता येण्यासारखा आहे, आणि तो वऱ्हाडानेच करायला हवा.

संगीत नाटकाचा सुवर्णकाळ म्हटला की पुणे, मुंबई, सांगली ही नावं पुढे येतात. लिहिणाऱ्यांचा नकाशा काढला तर चित्र बदलतं. १९०५ साली पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलं आणि नाटकातल्या पदांची चालच पालटली. कीर्तनी, लावणीवजा, ओळखीच्या वळणांऐवजी पारशी-उर्दू रंगभूमीकडच्या नव्या चाली मराठी कानांवर पडल्या. त्या नाटकाचे लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पुढे अकोला, खामगाव, जळगाव जामोद अशा वऱ्हाडातल्या गावांत वकिली करत राहिले आणि तिथूनच नाटकं, विनोदी लेख आणि टीका लिहीत राहिले. जळगाव जामोद म्हणजे हिवरखेडच्या पश्चिमेला, त्याच सातपुड्याच्या कडेला. गडकऱ्यांनी ज्यांना गुरू मानलं तो लेखक अशा तालुक्याच्या गावी बसून मराठी नाटकाला वळण देत होता. मात्र लिहिणारा वऱ्हाडचा असला तरी नाटक मंडळी वऱ्हाडची नसे. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श, बळवंत या सगळ्या मंडळ्यांची मुळं पश्चिमेकडे होती. वऱ्हाडात त्या दौऱ्यावर येत. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर लागतात. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा जातो. कापूस विकून हाती पैसा आलेला असला की या मुलखात नाटकाला गर्दी होई. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मंडळ्यांच्या मालकांना चांगली ठाऊक होती. म्हणजे लेखन वऱ्हाडचं, तिकिटाचा पैसाही बराच वऱ्हाडचा, पण नाटकाची मालकी, तालीम, चाली, नटांची परंपरा हे सगळं दुसरीकडे. ही विभागणी पुढे ‘रणदुंदुभि’ला महाग पडली.

‘रणदुंदुभि’चे लेखक वामन गोपाळ जोशी यांचा जन्म १८८१ चा, मृत्यू १९५६ चा. महाराष्ट्र त्यांना वीर वामनराव जोशी म्हणून ओळखतो, आणि ‘वीर’ हे विशेषण त्यांना स्वातंत्र्याच्या चळवळीने दिलं. ते पत्रकार होते, ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ हे पत्र त्यांनी चालवलं, तुरुंगवास सोसला. नाटककार म्हणून त्यांचं नाव झालं ते १९१४ च्या सुमारास आलेल्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ने. ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांनी त्यात मृणालिनीची भूमिका केली आणि ते नाटक मंडळीचं हुकमी नाटक ठरलं. त्यानंतर तब्बल बारा-तेरा वर्षांनी, १९२७ मध्ये, बळवंत संगीत मंडळीने ‘रणदुंदुभि’ आणलं. मधल्या काळात टिळक गेले, असहकार होऊन गेला, आणि उघड राजकीय नाटक लिहिणं किती अवघड आहे हेही दिसून आलं. १८७६ चा नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा सरकारच्या हाती होता आणि त्याखाली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी येऊन गेली होती. म्हणून वामनरावांनी काल्पनिक राज्य घेतलं, काल्पनिक माणसं घेतली आणि प्रश्न मात्र खरा ठेवला. परक्याचं जोखड मानेवर असलेल्या समाजाचं मन कसं होतं, हा तो प्रश्न. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी उकळून लोकांनी मीठ काढलं आणि कायदा मोडला. वऱ्हाडातल्या त्या चळवळीच्या पुढाऱ्यांत वामनराव होते. नाटकात जे गायलं गेलं आणि कढईत जे उकळलं गेलं, त्यामागे एकच माणूस आणि एकच जिद्द उभी होती. म्हणून ‘रणदुंदुभि’कडे नुसतं करमणुकीचं जुनं नाटक म्हणून पाहता येत नाही. वऱ्हाडच्या राजकीय इतिहासाचं ते एक पान आहे.

आता पदांकडे येऊ, कारण नाटक विसरलं तरी पदं उरली आहेत आणि तीच मोठी साक्ष आहेत. काही पदं खुद्द वामनरावांची, काही शांताराम गोपाळ गुप्ते यांची. चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. गाणारे दीनानाथ, आणि ते गात तेजस्विनीच्या भूमिकेत. ‘परवशता पाश दैवे’ म्हणजे पारतंत्र्याचा फास गळ्यात पडलेल्या माणसाच्या जिवंत मरणाचं वर्णन. ‘दिव्य स्वातंत्र्य रवि’मध्ये स्वातंत्र्य म्हणजे सूर्य, आणि तो नसेल तर काय उरतं याची तळमळ. ‘आपदा राजपदा भयदा’ यात राजपदच संकट आहे, भय आहे. आणि ‘जगी हा खास’ या नावाने ओळखलं जाणारं कव्वालीच्या ढंगाचं पद सगळं जग वेड्यांचं ठरवतं आणि प्रत्येकाचं वेड मोजून दाखवतं. ही चार पदं एकापुढे एक ठेवली की एक विचार हळूहळू उलगडत जातो. सत्ता धोक्याची आहे, परसत्ता मरणासारखी आहे, स्वातंत्र्य हाच प्रकाश आहे, आणि त्या प्रकाशासाठी धडपडणाऱ्याला जग वेडाच म्हणणार. हा विचार नाटकाचा आहे. मैफलीत ही पदं सुटी येतात, एखादं भैरवीच्या आधी, एखादं मध्यंतरानंतर, आणि आपण त्यांतल्या ताना ऐकतो. तेजस्विनी कुणाशी बोलते आहे, कोणत्या अपमानानंतर तिचा आवाज चढतो, हे आपल्याला माहीत नसतं. अर्धं गाणं तिथेच सांडतं.

ध्वनिमुद्रिकेने हे सांडणं आणखी पक्कं केलं. लाखेची ती दहा इंची तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रंगमंचावर एक पद वन्समोअर घेत घेत पंधरा-वीस मिनिटं चाले. नट एकच ओळ वेगवेगळ्या अंगाने मांडे, मध्येच गद्यातला उद्गार घेई, समोरच्या पात्राकडे वळे, पुन्हा मुखड्यावर येई. तबकडीसाठी हे सगळं आवळून घ्यावं लागलं. दीनानाथांच्या त्या मुद्रिका ऐकताना पहिल्या काही सेकंदांतच आवाज वरच्या षड्जाला जाऊन भिडतो आणि तुटक, चपळ, पंजाबी अंगाच्या ताना एकीवर एक येऊन आदळतात. वाट पाहायला वेळच नाही, सुई शेवटच्या रेघेकडे चालली आहे. त्या घाईतून आलेली तीव्रता आज आपल्याला दीनानाथांची शैली वाटते. काही अंशी ती होतीही. पण काही अंशी ती तीन मिनिटांच्या चौकटीची सक्ती होती, आणि रंगमंचावरच्या दीनानाथांना थांबायला, खेळवायला, शब्दाची वाट पाहायला अवकाश होता. नाटक उभं केल्याशिवाय तो अवकाश परत मिळणार नाही. पुढे मंगेशकर भावंडांनी वडिलांची पदं गाऊन ती पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवली, हे उपकार मोठे आहेत. तरीही तो वारसा गाण्याचाच झाला. नाटकाला वारस मिळाला नाही.

का मिळाला नाही, याचं उत्तर मंडळ्यांच्या इतिहासात आहे. त्या काळी नाटक मंडळीच्या अंगावर जगे. चाली छापलेल्या नसत, त्या नटांच्या गळ्यात असत. कुठलं पद किती लांबवायचं, कुठे पडदा, कुठे प्रवेश कापायचा, हे तालमीत ठरे आणि तालमीतच पुढच्याला मिळे. १९३१ मध्ये ‘आलम आरा’, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि बोलपटाने मंडळ्यांचे पाय उखडले. बळवंत मंडळी स्वतःच चित्रपटाकडे वळली, त्यात पोळली आणि संपली. १९४२ मध्ये दीनानाथ गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ या नाटकांची गोष्ट वेगळी झाली. बालगंधर्वांची गायकी शिकणाऱ्यांची पिढीमागून पिढी तयार झाली, मुंबई-पुण्याच्या संस्थांनी त्यांचे प्रयोग चालू ठेवले, आणि संच मोडला तरी नाटक मोडलं नाही. ‘रणदुंदुभि’शी खरी तुलना होते ती सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’ची. तीच मंडळी, तेच दीनानाथ, तेच वझेबुवा, अंतर फक्त चार वर्षांचं. ते १९३१ मध्ये आलं. तेही राजकीय विचाराचं, तेही जड भाषेचं. तरी त्याचे प्रयोग अधूनमधून होत राहिले, कारण सावरकरांच्या नावाभोवती माणसं आणि संस्था होत्या. वामनरावांच्या नावाभोवती तशी माणसं जमली नाहीत. गुण सारखे, घर वेगळं. दोन नाटकांच्या नशिबातला फरक या एका गोष्टीने समजतो, आणि ‘काळाच्या ओघात टिकलं नाही’ हे वाक्य किती घाईचं आहे ते कळतं.

पुनरुज्जीवनाचं नाव काढलं की पहिली हरकत भाषेची येते. ती खोटी नाही. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या सावलीतलं ते गद्य आहे. लांब स्वगतं, अलंकारांच्या माळा, टाळ्यांसाठी बांधलेली वाक्यं. नाटक त्या काळी रात्रभर चाले, आजच्या प्रेक्षकाला अडीच तासांपलीकडे बसवणं योग्य नाही. पण संहिता कापणं म्हणजे लेखकाचा अपमान करणं, हे मत मला पटत नाही. जुन्या मंडळ्या दर दौऱ्याला प्रवेश कापत, जोडत, पदं बदलत. ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांचे अलीकडचे प्रयोग रंगले ते अशाच जाणत्या कापणीमुळे. पदं बारा-पंधरा ठेवावी, उपकथानक गाळावं, आणि गद्यातली ती वाक्यं मात्र जपावी ज्यांच्यातून पद उगवतं. संगीत नाटकाच्या संपादनाचा हा एकच नियम पुरेसा आहे.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. नाटक परसत्तेविरुद्ध लिहिलं, परसत्ता १९४७ मध्ये गेली, मग आता कशासाठी? ज्या नाटकाचं काम संपलं ते आदराने कपाटात ठेवावं, असं म्हणणारे लोक नाटकाचे शत्रू नाहीत. पण त्यांनी पदं पुन्हा वाचावीत. इंग्रजांचं नाव त्यांत कुठेच नाही. सरकारच्या भीतीने ते टाळलं गेलं असेल, पण त्या टाळण्याचा आज फायदा होतो. शत्रूला नाव नसल्यामुळे नाटकाचा सगळा भार पारतंत्र्य सोसणाऱ्याच्या मनावर येतो: सवय, भीती, लाचारीतली सोय, आणि त्यातून एखाद्याचं उठणं. हा विषय कुठल्याच शतकात जुना होत नाही. शिवाय हा आवाज एका स्त्रीला दिलेला आहे. १९२७ मध्ये तो पुरुषाच्या गळ्यातून आला, कारण रंगभूमीची रीत तशी होती. आज तेजस्विनी एखादी गाणारी अभिनेत्री करील. राजपदाला संकट म्हणणारी, गुलामीला मरण म्हणणारी, वेड पत्करणारी नायिका मराठी संगीत रंगभूमीवर खऱ्या स्त्रीच्या आवाजात अजून नीट ऐकलीच गेलेली नाही. वामनरावांनी लिहिलेली भूमिका पूर्णपणे उभी राहायची आहे ती आत्ताच.

दीनानाथांसारखं गाणारं आता कोण, असं विचारलं जातं. हा प्रश्न प्रेमाचा आहे, पण त्यामुळे हातपाय गळतात. त्याला वऱ्हाडातूनच उत्तर आहे. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी दीनानाथांच्या गायकीचं बळ आत्मसात केलं आणि स्वतःचं गाणं घडवलं. १९६७ मध्ये त्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’तला खाँसाहेब उभा केला, नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. संगीत नाटक संपलं असं म्हटलं जात होतं त्या काळातली ही गोष्ट. पुढच्या पिढीने तेच नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं, २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि ज्यांनी कधी संगीत नाटक पाहिलं नव्हतं अशी मुलं ती पदं गाऊ लागली. गायकी नक्कल करून टिकत नाही, पचवून टिकते. तेजस्विनी करणाऱ्या मुलीने दीनानाथांच्या ताना जशाच्या तशा काढू नयेत. तिने वझेबुवांची चाल घ्यावी आणि आपला गळा लावावा.

राहिला प्रेक्षक. जिवंत गाणं ऐकायला माणसं येत नाहीत, असं म्हणणाऱ्याला ‘संगीत देवबाभळी’ने अलीकडेच खोटं ठरवलं, दोन स्त्रियांच्या त्या नाटकाने पाचशे प्रयोगांचा पल्ला गाठला. पण शहरांतल्या नाट्यगृहांपेक्षा मला दोन दुसरे पुरावे मोलाचे वाटतात. एक गोव्याचा: तिथल्या खेड्यापाड्यांत देवळाच्या जत्रेला गावकरी स्वतः संगीत नाटक बसवतात, शिक्षक आणि दुकानदार पदं गातात, आणि ते चुकवलं तर जत्रा पुरी झाल्यासारखी वाटत नाही. दीनानाथ त्याच मातीतून, मंगेशीहून आले. दुसरा पुरावा विदर्भातलाच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा गावात मंडळ्यांची कार्यालयं आहेत, आणि रात्र रात्र चालणारी, गाण्यांनी भरलेली नाटकं मंडपात तिकीट काढून लोक पाहतात. कापसाचं वऱ्हाड आणि धानाची झाडीपट्टी यांत अंतर आहे, रुची वेगळी आहे, हे मान्य. तरी पीक घरात आल्यावर गावाने एकत्र बसून नाटक पाहायचं, ही गोष्ट या प्रदेशात मेलेली नाही. हिवरखेडसारख्या गावात गणपतीच्या, नवरात्राच्या मंडपाला माणसं जमतात, भजनी मंडळांत पेटी आणि तबला वाजतो, सूर ओळखणारे कान आहेत. नाही ती संहिता हाती देणारी आणि चाल शिकवणारी व्यवस्था.

ती व्यवस्था उभी करणं अशक्य नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. वामनराव १९५६ मध्ये गेले, म्हणजे २०१७ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. गुप्ते यांच्या पदांचं तेवढं वेगळं तपासून घ्यावं लागेल. राज्याची संगीत नाट्य स्पर्धा दर वर्षी होते आणि तीत हौशी संस्था जुनी नाटकं करतात. अमरावती आणि अकोल्यात नाट्यगृहं आहेत, संगीत शिकवणारी महाविद्यालयं आहेत. पहिलं पाऊल प्रयोगाचंही नसावं. आधी संहिता स्वच्छ करून छापावी, मुद्रिकांवरून पदांचं स्वरलेखन करावं, ज्या पदांच्या चाली हरवल्या असतील त्या जाणकाराकडून नव्याने बांधून घ्याव्यात आणि त्या नव्या आहेत असं स्पष्ट लिहावं. मग वाचन, मग दोन अंकांचा आटोपशीर प्रयोग. तो पुण्या-मुंबईहून दौऱ्यावर येऊ नये. संच वऱ्हाडात तयार व्हावा आणि अमरावतीहून अकोल्याला, अकोटला, तेल्हाऱ्याला, दोन्ही हिवरखेडांना जावा.

२०२७ मध्ये ‘रणदुंदुभि’ला शंभर वर्षं पूर्ण होतात. वऱ्हाडातल्या ज्या संस्थेला, ज्या महाविद्यालयाला, ज्या गणेश मंडळाला हे वाचून हुरूप येईल, त्यांनी मुंबईच्या निर्मात्याची वाट पाहू नये. संहिता शोधा, एक पेटीवाला बोलवा, आणि तेजस्विनीसाठी गावातली गाणारी मुलगी निवडा.